साडेपाचशे मीटर पाऊस

जुन्या गोव्याच्या टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा मनोरा उभा आहे. उंची ४६ मीटर, बांधकाम जांभ्या दगडाचं. १८३५ साली पोर्तुगीज राजवटीने धार्मिक संघ बंद केले आणि हे चर्च ओस पडलं. सात वर्षांनी, १८४२ मध्ये, छताची कमान खाली आली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा कोसळला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुरुषभर उंचीपेक्षाही बरंच जास्त पाणी. छत गेल्यापासून १८०हून जास्त पावसाळे त्या उघड्या फरशीवर पडले आहेत. हे सगळं पाणी वाहून न जाता एकावर एक साठत गेलं असतं, तर आज तिथे साडेपाचशे मीटरच्या घरात उंची असलेला पाण्याचा स्तंभ उभा असता. मनोऱ्याच्या जवळपास बारापट. फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरने साडेपाचशे टनांच्या आसपास पाणी झेललं आहे.

एवढ्या मोठ्या आकड्यामागे एकही असाधारण घटना नाही. भूकंप नाही, तोफांचा मारा नाही. जो पाऊस शेजारच्या रायबंदरच्या घरांवर पडला तोच इथे पडला. त्या घरांमध्ये मात्र दरवर्षी मृगाच्या आधी कुणीतरी वर चढलं, फुटकी कौलं बदलली, पन्हळीतला पाला काढला, भिंतीच्या सांध्यात डोकावणारं बोटभर पिंपळाचं रोप उपटून टाकलं. चर्चमध्ये ते करायला कुणी उरलं नव्हतं. शहर ओस पडल्यावर निसर्ग त्याचा ताबा कसा घेतो, याचा हिशेब मांडायला बसलं की मला सगळ्यात जास्त थक्क करते ती ही गोष्ट. त्याच्याकडची हत्यारं अगदी किरकोळ असतात. टक्क्यांचे, मिलिमीटरचे, मिलिग्रॅमचे आकडे. वर्षांशी त्यांचा गुणाकार होत राहिला की लाखो माणसांची शहरं दिसेनाशी होतात.

जुनं गोवं हे असंच शहर. सोळाव्या शतकाच्या अखेरीला इथली वस्ती दोन लाखांच्या आसपास होती, असे अंदाज आहेत. त्या वेळचं लंडनही साधारण एवढंच होतं. मग साथी आल्या, पुन्हा पुन्हा आल्या. १६९५ मध्ये २०,००० माणसं उरली होती, १७७५ मध्ये १,६००. त्याआधीच, १७५९ मध्ये, व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला होता, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या शहराचे दगड नव्या शहराच्या बांधकामासाठी उचलून नेले गेले. ऑगस्टिनच्या मनोऱ्यातली घंटाही १८७१ मध्ये पणजीच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये गेली, ती आजही तिथे वाजते. माणसांनी सोडलेलं बाकीचं सगळं माडांनी, रानाने आणि पावसाने घेतलं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो; पण गिलाव्याचं कवच नसेल तर गोव्याच्या पावसापुढे त्याचा टिकाव लागत नाही. बॉम जीझसच्या बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून उघड्या दगडाची झीज हा जाणकारांच्या काळजीचा विषय आहे. म्हणजे जे चर्च वापरात आहे, ज्याला जगभरातून माणसं भेट देतात, तेसुद्धा चुन्याच्या काही बोटं जाडीच्या थरावाचून सुरक्षित नाही.

उलट बाजूने पाहिलं तर निसर्गाला बाहेर ठेवण्यासाठी किती काम करावं लागतं, हे थोड्या शहरांना ठाऊक असतं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून, पाऊस नसलेल्या कोरड्या दिवशीही, पंपांना सुमारे १ कोटी ३० लाख गॅलन पाणी उपसावं लागतं. हे जवळपास पाच कोटी लिटर झाले. मॅनहॅटन बेटावरचे जुने झरे आणि ओढे शहराने बुजवले, पण पाणी कुठे गेलं नाही; ते खालून वाट काढतच राहिलं. आज हे पंप थांबले तर बोगदे भरायला महिने लागणार नाहीत, दिवस पुरतील.

हा हिशेब आपल्या डोळ्यांदेखत, तारीख-वार लावून पाहता आला असं शहर म्हणजे युक्रेनमधलं प्रिप्यात. ४ फेब्रुवारी १९७० रोजी त्याची पायाभरणी झाली. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातल्या लोकांसाठी वसवलेलं, केंद्रापासून जेमतेम तीन किलोमीटरवर. १९८६ मध्ये तिथे सुमारे ४९,००० माणसं राहत होती आणि त्यांचं सरासरी वय होतं २६. १६० निवासी इमारतींमध्ये १३,४१४ घरं. पंधरा बालवाड्या. शहराच्या नोंदींमध्ये लावलेल्या गुलाबांचीही संख्या आहे: ३३,०००. दीड माणसामागे एक गुलाब! तरुण आईबाप, लहान मुलं आणि फुलझाडं असं हे शहर होतं, हे विसरून पुढचे आकडे वाचू नयेत असं मला मनापासून वाटतं.

२६ एप्रिलच्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी चौथी अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता शहर रिकामं करायला सुरुवात झाली. सुमारे १,२०० बस रांगेत लागल्या. लोकांना सांगितलं होतं, तीन दिवसांपुरतं सामान घ्या. संध्याकाळपर्यंत शहर रिकामं झालं होतं. जत्रेतल्यासारखा मोठा आकाशपाळणा १ मे रोजी मुलांसाठी सुरू व्हायचा होता. तीस किलोमीटरच्या परिघातून त्या वर्षी १ लाख १६ हजारांच्या आसपास माणसं उठवली गेली. नंतरच्या काळात हलवलेले धरले तर साडेतीन लाखांच्या आसपास. आज युक्रेनमधलं निषिद्ध क्षेत्र सुमारे २,६०० चौरस किलोमीटर आहे आणि सीमेपलीकडे बेलारूसने १९८८ मध्ये राखीव केलेला भाग २,१६५ चौरस किलोमीटर. दोन्ही मिळून अख्ख्या गोवा राज्यापेक्षा हजार चौरस किलोमीटरने मोठा प्रदेश.

माणसं गेल्यावर पहिलं काम पाण्याने सुरू केलं, तेही त्याच्या एका छोट्याशा गुणाच्या जोरावर. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं. १०० लिटर पाण्याचा १०९ लिटर बर्फ. प्रिप्यातच्या इमारतींची छपरं सपाट होती. त्यावरचा डांबराचा थर दरवर्षी नव्याने दुरुस्त करायचा असतो, तो झाला नाही. हिवाळ्याआधी भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दुपारी वितळतं, भेग केसभर रुंदावते, आणि पुढच्या वेळी तिच्यात आधीपेक्षा थोडं जास्त पाणी मावतं. पूर्ण कोंडलेलं पाणी उणे २२ अंशांपर्यंत गोठत गेलं, तर दर चौरस सेंटिमीटरवर दोन हजार किलोंहून जास्त दाब निर्माण करू शकतं. प्रत्यक्षात भेगा एका बाजूने उघड्या असतात म्हणून दाब इतका चढत नाही. चढायची गरजही नसते. काँक्रीट दाबाला भक्कम असतं, पण ताणाला अगदी दुबळं; त्याला आतून फाकवायला या दाबाचा छोटासा हिस्सा पुरतो.

त्याच वेळी हवा आपलं काम करत असते. चांगल्या काँक्रीटच्या आत इतका क्षार असतो की लोखंडी सळईभोवती एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपून तो क्षार संपवतो. ही वाटचाल वेळेच्या वर्गमुळाने होते. समजा पहिला एक सेंटिमीटर पार करायला दहा वर्षं लागली, तर दोन सेंटिमीटरला चाळीस लागतील आणि तीनला नव्वद. त्यामुळे सळईवरचं काँक्रीट बांधताना एक सेंटिमीटर कमी-जास्त ठेवलं की इमारतीच्या आयुष्यात कित्येक दशकांचा फरक पडतो. एकदा सळईला गंज चढला की मग मात्र वेग वाढतो, कारण गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते. प्रिप्यातच्या एका शाळेची इमारत २००५ मध्ये अंशतः कोसळली. बांधलेल्याला चाळीस वर्षंही झाली नव्हती.

या भेगांमध्ये बर्चचं बी येऊन पडतं. ते इतकं हलकं असतं की एका ग्रॅममध्ये काही हजार बिया मावतात, आणि एक वाढलेलं झाड चांगल्या वर्षी लाखो बिया वाऱ्यावर सोडतं. बहुतेक वाया जातात. वाया जाणंच गृहीत धरलेलं असतं. हजारांतली एक गच्चीवरच्या चिमूटभर धुळीत रुजली तरी पुरे. आपल्याकडे हेच काम पिंपळ आणि वड करतात, वाऱ्याऐवजी पाखरांच्या पोटातून. वाढतं मूळ आपल्या टोकाशी दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोंपर्यंतचा दाब देऊ शकतं, म्हणजे भोवतालच्या हवेच्या दाबाच्या दहापट. बर्फाच्या तुलनेत हा काहीच नाही. पण बर्फ उन्हाळ्यात विरघळून जातो, मूळ जात नाही. ते दिवसरात्र, वर्षभर, तिथेच दाबत राहतं. प्रिप्यातच्या फुटबॉल मैदानावर आज झाडी आहे. गच्च्यांवर आणि सज्ज्यांमध्ये बर्च उभे आहेत. संपूर्ण युक्रेनी निषिद्ध क्षेत्रात १९८६ मध्ये ४१ टक्के जमिनीवर जंगल होतं, २०२० मध्ये ते ५९ टक्क्यांवर पोचलं. ही वाढ म्हणजे साडेचारशे चौरस किलोमीटरहून जास्त नवं जंगल, आणि त्याचा मोठा भाग सोडून दिलेल्या शेतांवर आपोआप उगवलेला.

जंगलामागोमाग प्राणी आले. २०१५ मध्ये बेलारूसच्या बाजूची मोजणी प्रसिद्ध झाली. तिथे मूस, हरणं आणि रानडुकरांची संख्या आसपासच्या किरणोत्सर्ग नसलेल्या अभयारण्यांइतकीच निघाली. लांडगे मात्र सातपट. मंगोलियाच्या रानात १९६९ नंतर न दिसलेले प्रझेवाल्स्कीचे घोडे १९९८च्या सुमारास युक्रेनच्या भागात सोडले, तीसच्या आसपास. आज त्यांची संख्या शंभराच्या वर आहे. हे वाचून अनेकजण लगेच म्हणतात, पाहा, निसर्गाने जखम भरून काढली. मला हे पटत नाही. प्राण्यांना किरणोत्सर्ग मानवला असा याचा अर्थ होत नाही. माणसांची शेती, बंदुका आणि मोटारी त्याहून जास्त जाचक होत्या, इतकाच होतो. अपघातानंतर काही आठवड्यांतच केंद्राजवळचं पाइनचं रान तांबूस होऊन मेलं, आणि ती झाडं पाडून चरांमध्ये पुरावी लागली. २०१४ मधल्या एका अभ्यासात सर्वाधिक दूषित जागी पडलेला पाला कुजण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळलं. पाला कुजवणारे सूक्ष्म जीवच तिथे दुर्बळ झाले आहेत. न कुजलेला पाला साठतो आणि पेटतो. एप्रिल २०२० मध्ये या क्षेत्रात मोठे वणवे लागले होते.

आणि घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालतात. किरणोत्सारी आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं. ते केव्हाच संपलं. सीझियम-१३७ तीस वर्षांत निम्मं होतं, म्हणजे चाळीस वर्षांनंतरही त्याचा ४० टक्के भाग शिल्लक असतो. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४,१०० वर्षं लागतात. प्रिप्यातमधल्या इमारती फार तर एखादं शतक तग धरतील. त्यांच्या जागी जंगल येईल, ते जंगल म्हातारं होऊन पडेल, पुन्हा उगवेल, असं कित्येकदा होईल, आणि तरी तिथल्या मातीतल्या प्लुटोनियमचं बरंचसं आयुष्य बाकीच असेल. शहराच्या खुणांमध्ये सगळ्यात टिकाऊ हीच ठरणार, हे मला फार अस्वस्थ करतं.

समुद्राकाठी हेच सगळं मिठामुळे भराभर घडतं. जपानमध्ये नागासाकीजवळ हाशिमा नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ ६.३ हेक्टर. समुद्राखालच्या कोळशाच्या खाणीसाठी इथे १९१६ पासून काँक्रीटच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि १९५९ मध्ये त्यात ५,२५९ माणसं राहत होती. दर चौरस किलोमीटरला त्र्याऐंशी हजारांहून जास्त. खाण बंद झाली, २० एप्रिल १९७४ रोजी शेवटची माणसं होडीत बसली. तेव्हापासून खारा वारा आणि वादळं त्या सळयांवर काम करत आहेत. जपानमधल्या सर्वांत जुन्या उंच काँक्रीट इमारतींपैकी एक इथे आहे आणि ती तुकड्यातुकड्याने ढासळते आहे.

पडलेलं शहर जमिनीखाली जातं कसं, हा प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला होता. १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने गांडुळांवर पुस्तक लिहिलं. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा माणूस आयुष्याच्या शेवटी गांडुळं मोजत होता, हे मला त्याच्याबद्दलचं सगळ्यात आवडतं चित्र वाटतं. डिसेंबर १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या कुरणावर खडूच्या दगडाचा चुरा पसरला. १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, खणून पाहिलं तर तो पांढरा थर सात इंच खाली गेला होता. तो बुडाला नव्हता. गांडुळांनी खालची माती थोडी थोडी वर आणून टाकल्याने तो झाकला गेला होता. एकरी ५३,७६७ गांडुळं, असा आकडा त्याने एका जर्मन अभ्यासकाच्या मोजणीवरून घेतला, आणि ती वर्षाला एकरी दहा टनांहून जास्त माती वर आणतात असा हिशेब केला. मग तो आणि त्याची मुलं रोमन अवशेषांकडे वळली. त्यातलं एक सिल्चेस्टर: रोमन काळात गजबजलेलं, नंतर कायमचं ओस पडलेलं शहर. भोवतीचा दगडी तट आजही उभा आहे आणि आत सुमारे शंभर एकरांवर गवत वाढतं. डार्विनचाच दर लावला तर त्या तटाच्या आत दरवर्षी हजार टन माती वर येत राहते. रोमन फरश्या, रस्ते, चौक, सगळं खाली आहे, आणि ते झाकणारा मजूर करंगळीपेक्षा बारीक आहे.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांना गांडुळांची वाट पाहावी लागत नाही. ग्वाटेमालातल्या टिकाल या माया शहरातला शेवटचा तारीखवार शिलालेख इसवी सन ८६९ चा आहे. त्यानंतर रान इतकं दाट झालं की त्या प्रदेशात पूर्वी काय होतं याचा अंदाज करणंच अवघड झालं. २०१८ मध्ये विमानातून लेसर किरणांचा मारा करून २,१४४ चौरस किलोमीटर जमिनीची मोजणी प्रसिद्ध झाली. सोडलेल्या असंख्य किरणांमधले थोडेच पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून परत येतात, पण तेवढ्यावरून जमिनीचा उंच-सखलपणा काढता येतो. पडद्यावर झाडं काढून टाकली तेव्हा खाली ६१,४८० बांधकामं दिसली. घरं, चौथरे, कालवे, उंचावरून नेलेले रस्ते, शेतीच्या पायऱ्या. त्यावरून संशोधकांनी अंदाज केला की इसवी सन ६५० ते ८०० या काळात मध्य माया प्रदेशात सत्तर लाख ते एक कोटी दहा लाख माणसं राहत असावीत. या मोजणीत सापडलेली बरीच बांधकामं तोवर कुणालाच माहीत नव्हती. पुरातत्त्वज्ञ ज्या झाडीतून वर्षानुवर्षं चालत होते, तिच्यात काही पावलांवर वाडे होते. २०२४ मध्ये इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातून अशीच बातमी आली: ३०० चौरस किलोमीटरमध्ये मातीचे ६,०००हून जास्त चौथरे, सरळसोट रस्त्यांनी जोडलेले, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. अॅमेझॉनच्या ज्या भागाला आपण माणसाचा स्पर्श न झालेला समजत होतो, तिथे.

याचा सगळ्यात भयंकर आकडा २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी मांडला. कोलंबस १४९२ मध्ये पोचल्यापासून १६०० पर्यंत, मुख्यतः युरोपातून आलेल्या रोगांमुळे आणि त्याच्या जोडीला आलेल्या युद्धांनी, गुलामगिरीने, अमेरिका खंडांमध्ये सुमारे ५ कोटी ६० लाख माणसं मरण पावली असावीत. त्यांच्याबरोबर सुमारे ५ कोटी ६० लाख हेक्टर जमीन पडीक झाली. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे. म्हणजे जवळपास पावणेदोन महाराष्ट्र. तिच्यावर जंगल परत आलं, आणि त्या झाडांनी हवेतला कार्बन इतका ओढून घेतला की अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांमध्ये १६१०च्या सुमारास कार्बन डायऑक्साइडची घट दिसते. ही घट संपूर्णपणे यामुळेच झाली का, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. पण गणित समोर ठेवलं की माणूस गप्प होतो. एका खंडावरची ओसाड गावं आणि शेतं दुसऱ्या टोकाच्या बर्फात नोंदली गेली असतील, तर निसर्गाचं परतणं ही नेहमीच आनंदाची बातमी असते असं कोण म्हणेल?

आपल्या इतिहासात हा प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून उद्ध्वस्त केलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. त्यात दुष्काळाची भर. काही वर्षांनी जिजाबाई आणि बाल शिवाजी तिथे आले, सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला गेला, असं परंपरा सांगते. जुन्या लिखाणात यासोबत एक फारशी न सांगितली जाणारी नोंद येते: दादोजी कोंडदेवांनी मावळातल्या लोकांना लांडगे मारण्यासाठी बक्षिसं दिली. म्हणजे मोजक्या वर्षांत लांडगे इतके वाढले होते की त्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय शेती उभी राहत नव्हती. बेलारूसचे सातपट लांडगे वाचले तेव्हा मला ही नोंद आठवली. पावणेचारशे वर्षांचं अंतर, हजारो किलोमीटरचं अंतर, आणि ओसाड पडलेल्या मुलखात सगळ्यात आधी पुढे सरकणारा प्राणी तोच.

आता सगळ्यात मोठा तराजू. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये माणसाने तयार केलेल्या सगळ्या वस्तूंचं वजन मांडलं: सुमारे १.१ लाख कोटी टन. १९०० साली हे वजन पृथ्वीवरच्या सजीवांच्या कोरड्या वजनाच्या तीन टक्के होतं. २०२० च्या आसपास ते त्याच्याहून जास्त झालं. नुसत्या इमारती आणि रस्ते, पूल, धरणं यांचं वजनच जगातल्या सगळ्या झाडाझुडपांपेक्षा जास्त आहे. दरवर्षी त्यात सुमारे ३,००० कोटी टनांची भर पडते. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे दर आठवड्याला त्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त नवी वस्तू. हे सगळं कुणीतरी शाकारायचं आहे, रंगवायचं आहे, त्यातली रोपं उपटायची आहेत. आणि काही ठिकाणी ते करणारे हात कमी पडू लागले आहेत. जपानच्या २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी आढळली, देशातल्या एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यातली बहुतेक घरं अणुभट्टी फुटल्याने किंवा साथीने रिकामी झालेली नाहीत. अनेक घरांत म्हातारे वारले आणि मुलं शहरात राहिली, एवढंच. त्यांतल्या कित्येक छपरांवरच्या पन्हळींमध्ये पाला साठायला सुरुवात झालेली आहे.

कंबोडियातल्या अंगकोरमध्ये या सगळ्याचा सगळ्यात अवघड प्रश्न भारतीयांच्या हाती आला आहे. अंगकोर या जुन्या राजधानीचा पसारा सुमारे १,००० चौरस किलोमीटरचा होता, आणि २०२१ मधल्या अंदाजानुसार तिथे सात ते नऊ लाख माणसं राहत होती. ११८६ मध्ये राजा सातव्या जयवर्मनने तिथे ता प्रोम हे मठमंदिर उभारलं. त्याच्या शिलालेखात हिशेब कोरलेला आहे: ३,१४० गावं, सेवेला ७९,३६५ माणसं, त्यात ६१५ नर्तकी. राजधानी पंधराव्या शतकात ओसरली. मग पाखरांनी शिखरांच्या फटींत उंबरवर्गातल्या झाडांच्या बिया टाकल्या, टेट्रामेलिसचे प्रचंड वृक्ष भिंतींवर चढले. हेच झाड आपल्या सह्याद्रीतही वाढतं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी विसाव्या शतकात अंगकोरमधली इतर मंदिरं मोकळी केली, पण ता प्रोम मुद्दाम बरंचसं झाडांच्या विळख्यातच राहू दिलं.

या मंदिराच्या जतनाचं काम आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण कंबोडियाच्या संस्थेबरोबर करतं. इथल्या अभियंत्यांपुढे दगड आणि झाड अशी निवड करण्याची सोय नाही. मुळांनी दगड फाकवले हे खरं, आणि आज तेच दगड मुळांच्या पकडीमुळे जागेवर आहेत हेही खरं. झाड कापलं तर मुळं कुजतील आणि भिंत मोकळी होऊन बसेल. झाड ठेवलं तर ते दरवर्षी जाड होत राहील, आणि कधीतरी वादळात पडेल तेव्हा भिंतीला बरोबर घेऊन जाईल. त्यामुळे तिथे खोडांनाही टेकू आहेत आणि कमानींनाही. पडलेल्या दगडांमधून कुठला दगड कुठे होता हे शोधून तो परत बसवायचा, आणि जवळच्या मुळाला धक्का लागू द्यायचा नाही, असं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या उपराष्ट्रपतींच्या हस्ते त्यातल्या एका पूर्ण झालेल्या भागाचं उद्घाटन झालं. शिलालेखातल्या ६१५ जणींची आठवण करून देणारं नर्तकींचं दालन होतं ते.